शंभराची नानकटाई

कॅलरी चांदूर बाजारात नेमकी कोणत्या साली उतरली, याची नोंद कुठल्याही कचेरीत सापडायची नाही. साखर आली, चहा आला, मैदा आला, डालडा आला. त्या प्रत्येकाबरोबर एखादा दुकानदार, एखादी पाटी, निदान एखादं भांडण तरी आलं. कॅलरी मात्र एस.टी.तून डोक्यावर पदर घेऊन उतरलेल्या पाहुणीसारखी गुपचूप आली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसली. आता ती घरच्यासारखी वावरते. दिवाळीत फराळाचं ताट पुढे केलं की पाहुणे पूर्वी "पुरे, पुरे" म्हणायचे आणि ताट रिकामं करायचे. हल्ली ते नानकटाई हातात घेतात, छताकडे पाहतात, मनातल्या मनात कसला तरी गुणाकार करतात आणि नानकटाईची अर्धी मोडून उरलेली अर्धी ताटात परत ठेवतात. परत ठेवलेल्या अर्ध्या नानकटाईइतकी केविलवाणी वस्तू जगात दुसरी नसेल. ती पाहुण्याचीही राहत नाही आणि घरच्यांचीही होत नाही.

मराठीत कॅलरीला 'उष्मांक' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण वऱ्हाडात तो अंगाला नीट बसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाशी खेळत असतो अशा मुलखातल्या माणसाला 'उष्मा' म्हटलं की कूलर आठवतो, फराळ आठवत नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळे कॅलरीच म्हणतात. त्यातही वजन कमी करायचं असलेले 'कॅलरीज' म्हणतात आणि ज्यांना काहीच करायचं नाही ते नुसतं 'कॅलरी' म्हणतात. मी दुसऱ्या गटातला.

आमच्या सूनबाईंनी स्वयंपाकघरात एक चपटा काटा आणून ठेवला आहे. सोनाराने तोळा-मासा मोजावा तसा त्यावर त्या मैदा मोजतात. मोबाइलमध्ये तक्ता आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी हिशेब पुरा करून निकाल जाहीर केला.

"बाबा, एका नानकटाईत शंभर आहेत."

"शंभर काय?"

"कॅलरी."

"मग आज सणाचं एक नोट मोडायला हरकत नाही."

हा विनोद घरात कुणालाच आवडला नाही. पण हिशेब मी तपासून पाहिला आणि तो चोख निघाला. अर्धा किलो मैदा, पाव किलो तूप, पाव किलो पिठीसाखर, हे नानकटाईचं जुनं प्रमाण. मैद्याच्या शंभर ग्रॅममध्ये ३४८ कॅलरी, साखरेत ३९८ आणि तुपात ९००. म्हणजे मैद्याच्या १,७४०, साखरेच्या ९९५, तुपाच्या २,२५०; एकूण ४,९८५. एवढ्या गोळ्याच्या पन्नास नानकटाया होतात. भागाकार करा, एकीला शंभराला काहीशी कमी. इतका नेटका भागाकार मला शाळेत कधी मिळाला असता, तर मी गणितात नाव काढलं असतं.

त्याच तक्त्यात पुढे संत्रं आहे. शंभर ग्रॅमला ४८ कॅलरी. चांदूर बाजार, मोर्शी, वरूड, अचलपूर हा सगळा संत्र्यांचा पट्टा. एका नानकटाईच्या बदल्यात दोन संत्री बसतात. म्हणजे ज्या फळाच्या जोरावर माणूस सडपातळ राहू शकतो, ते आम्ही ट्रकात भरून परमुलखात पाठवतो आणि त्या पैशाने मैदा-तूप आणून नानकटाया खातो. अर्थशास्त्र्यांनी यावर काही लिहिलं असल्यास माझ्या वाचनात नाही.

आता यावरून असा समज होईल, की पूर्वी आमच्याकडे मोजणं नव्हतंच. तसं मुळीच नाही. उलट नानकटाईइतका मोजून केलेला पदार्थ घरात दुसरा नसे. फक्त मोजण्याची तऱ्हा वेगळी होती.

भट्टी कुणाच्याच घरी नव्हती. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरचा मैदा, तूप आणि साखर डब्यांत भरून गावातल्या बेकरीत जायची. बरोबर आम्हा पोरांची रवानगी व्हायची, कारण डब्यापाशी कुणीतरी बसायला हवं. आपलं तूप शेजाऱ्याच्या मैद्यात जाऊ नये, ही त्यामागची राजकीय भूमिका. बेकरीवाल्याला सगळे चाचा म्हणायचे. चाचा किलोवर भाजणावळ घ्यायचे. परातीत तूप आणि साखर तळहाताने फेसली जायची, मैदा पडायचा, गोळे पत्र्यावर ओळीने बसायचे आणि लांब दांड्याच्या फळीवरून भट्टीच्या लाल पोटात जायचे. रात्री बारा-एकपर्यंत नंबर लागत नसे. पोरं मैद्याच्या पोत्यांवर झोपी जायची. जाग यायची ती वासाने. त्या वासाला किती कॅलरी, हे अजून कुठल्याही तक्त्यात आलेलं नाही. पण निम्मं पोट त्यानेच भरायचं.

प्रमाणाबाबत आजीला विचारण्यात अर्थ नव्हता.

"आजी, तूप किती घालायचं?"

"लागते तेवढं."

"म्हणजे किती?"

"पीठच सांगते न बाप्पा!"

पिठाशी तिचं असं बोलणं असल्यामुळे तिला काट्याची गरज नव्हती. मोजणी सुरू व्हायची ती डबा घरी आल्यावर. चटईवर जुनं धोतर पसरायचं, त्यावर नानकटाया निवायला ठेवायच्या आणि आजी बोटाने पाच-पाचाच्या जोड्या लावायची. मग वाटप. शेजारच्या दोन घरांना पाच-पाच. नागपूरच्या आत्याला वीस, कारण ती लेक. सालदाराच्या घरी पाच तोंडं, म्हणून दहा. भांडी घासणाऱ्या बाईंकडे तीन पोरं, म्हणून सहा. पण बाईला काय नको, म्हणून आठ. मी एकदा घाईने घरच्यांच्या वाट्याची रास आधी बाजूला काढायला लागलो, तेव्हा तिने हात धरला. "आधी तोंडं मोज, मंग नानकटाया."

या एका वाक्यात आजीचं सगळं अर्थशास्त्र होतं. तेव्हा ते मला कंजूषपणाचं वाटलं. पुढे नानकटाईचा आणि कॅलरीचा इतिहास चाळला, तेव्हा ध्यानात आलं की हाच वाद मोठमोठ्या लोकांनी मोठमोठ्या इमारतींत बसून शंभर वर्षं घातला आहे.

नानकटाईचं कूळ सुरतेचं सांगतात. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ भाकरी. 'खताई' म्हणजे चीनकडची. म्हणजे नाव इराणी, पत्ता चिनी आणि जन्म गुजरातेत. सुरतेत डच व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्या पावभट्टीत काम करणाऱ्या एका पारशी गृहस्थाने डच गेल्यावर भट्टी पुढे चालवली आणि न खपलेला, वाळून कडक झालेला पाव लोकांना आवडतो असं पाहून त्यातून बिस्किटं आणि नानकटाई निघाली, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, ती वऱ्हाडी माणसाला पटते. शिळं उरलेलं टाकायचं नाही, त्याचं काहीतरी करायचं, हे तत्त्व आमच्याकडे कालच्या पोळीच्या कुस्कऱ्यापर्यंत पाळलं जातं.

कॅलरीचं कूळ फ्रान्सचं. तिथे लाव्हाझिए नावाचा शास्त्रज्ञ होता. १७८२-८३च्या हिवाळ्यात त्याने लाप्लास या गणितज्ञाच्या साथीने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात बसवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. त्यावरून सिद्ध झालं, की प्राण्याचं श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं मंद जळणंच. आपण चुलीच्याच जातीचे, एवढाच त्याचा अर्थ. गिनीपिग जिवंत बाहेर आला. लाव्हाझिएचं नशीब तितकं थोर नव्हतं. १७९४ साली राज्यक्रांतीवाल्यांनी त्याचं डोकं उडवलं.

'कॅलरी' हा शब्द वापरात आणला निकोला क्लेमां या प्राध्यापकाने, १८१९ ते १८२४ या काळात पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानांत. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी. त्याचा विषय होता वाफेची यंत्रं. कोळसा किती घातला आणि इंजिनाने काम किती केलं, हे मोजायला हे माप. तेव्हा कॅलरी मूळची आगगाडीच्या भावकीतली. जेवणाच्या ताटात ती फार उशिरा, दत्तक म्हणून आली.

दत्तकविधान केलं अमेरिकेत. विल्बर ॲटवॉटर नावाचे प्राध्यापक मिडलटाउन या गावी एका छोट्या खोलीएवढ्या पेटीत माणसाला दिवसचे दिवस ठेवत. आत त्याला खायला द्यायचं, सायकल मारायला लावायची, झोपवायचं आणि त्याच्या अंगातून निघालेली उष्णता मोजायची. दुसरीकडे तेच अन्न वाळवून, पोलादी भांड्यात प्राणवायू भरून जाळायचं आणि त्याचीही उष्णता मोजायची. या भांड्याला बॉम्ब कॅलरीमीटर म्हणतात. भट्टीतून खरपूस होऊन आलेली नानकटाई पुन्हा बॉम्बमध्ये घालून जाळायची, हे ऐकून आमच्या चाचांनी नक्कीच कानाला हात लावला असता. पण ॲटवॉटरनी या खटाटोपातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जे आकडे काढले, त्यांवरूनच आज पुड्यांवरच्या कॅलरी काढतात: पिठा-साखरेच्या एका ग्रॅमला चार, प्रथिनाला चार, तूप-तेलाला नऊ. आणि हे सगळं त्यांनी लोकांनी बारीक व्हावं म्हणून केलं नव्हतं, बरं का. कमी मजुरीत कामगाराला जास्तीत जास्त ताकद कशी मिळेल, कुठला जिन्नस पैशाला जास्त पोसतो, हा त्यांचा सवाल होता. कॅलरी जितकी जास्त तितकी वस्तू गुणाची. त्या हिशेबाने आमची नानकटाई पहिल्या वर्गात पास होते.

गुणाचा अवगुण झाला १९१८ साली. लॉस एंजेलिसच्या लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी कॅलरी मोजून वजन उतरवण्याचं पुस्तक लिहिलं आणि ते धो धो खपलं. बाई स्वतः चांगल्याच वजनदार होत्या, आणि मोजून मोजून उतरल्या होत्या. त्यांनी वाचकांना बजावलं, की यापुढे पावाचा एक तुकडा म्हणायचं नाही, शंभर कॅलरी पाव म्हणायचं. ताटातल्या जिन्नसाचं नाव गेलं आणि आकडा आला. आमच्या सूनबाईंची शंभराची नानकटाई थेट या बाईंच्या घराण्यातली.

आता गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की त्याच १९१८ साली आमच्याकडे काय चाललं होतं? पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं आणि वर इन्फ्लुएंझाची साथ आली होती. त्या साथीने हिंदुस्थानात ज्या प्रांतांना सर्वांत जास्त झोडपलं, त्यांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड अगदी वरच्या ओळीत होते. एकीकडे लोक ताटातली शंभराची चकती बाजूला सारायला शिकत होते आणि दुसरीकडे ताटच नव्हतं. कॅलरी एकच, पण ती जगात दोन तोंडांनी बोलायला लागली ती इथपासून.

खरं तर आपल्या देशात पोटाचा हिशेब त्याच्याही आधी झाला होता. कॅलरी हा शब्द न उच्चारता. १८७६ ते ७८ या काळात मद्रास आणि मुंबई इलाख्यांत मोठा दुष्काळ पडला. सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीला धाडलं. हे साहेब त्याआधी १८६०च्या दशकात नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. म्हणजे आमच्याकडे अगदीच परके नव्हेत. सरकारचा खर्च फार होतोय, या चिंतेने १८७७च्या जानेवारीत त्यांनी ठरवलं, की दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा पुरे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी कडाडून विरोध केला, की एवढ्यावर काम करणारा माणूस जगणार नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामावरून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली.

सूनबाईंच्या काट्यावर हा एक पौंड मी ठेवून पाहिला. पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. तांदूळ धरला, तर शंभर ग्रॅमला ३४५ कॅलरी, एकूण सुमारे १,५६५. आपल्या घरगुती नाण्यात सांगायचं, तर पंधरा नानकटाया आणि सोळावीचा मोठा तुकडा. दिवसभर खडी फोडायची आणि हे खायचं. रोजच्या आण्याचं काय येत असेल ते दुष्काळातल्या भावाने ठरवायचं. दिवाळीच्या दिवसांत गप्पा मारता मारता पंधरा नानकटाया रिचवणारे आणि वर "आज काही खाल्लंच नाही" म्हणणारे महाभाग माझ्या माहितीत आहेत. टेंपलसाहेबांना त्याच वर्षी मुंबईचं गव्हर्नरपद मिळालं.

वऱ्हाडावरची खरी पाळी आली १८९९-१९०० साली. काळ्या जमिनीचा, कापसाचा, पैसा खेळणारा मुलूख. पण पाऊसच आला नाही तेव्हा कापूस खाता येत नाही, हे सगळ्यांना एकदम कळलं. त्या वर्षी वऱ्हाडात दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली होती. आमच्या आजीच्या सासूबाईंनी ते दिवस पाहिले असणार. नानकटायांआधी तोंडं मोजायची सवय घरात कुठून आली, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको.

त्यानंतर मोजणी जरा माणसांत आली. निलगिरीतल्या कुन्नूरला १९१८ साली (पुन्हा तेच साल!) रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनी आहाराच्या संशोधनाचं काम सुरू केलं. पुढे तिथे ॲक्रॉइड साहेब आले आणि त्यांनी १९३७ साली हिंदी खाद्यपदार्थांचं पोषणमूल्य सांगणारी पुस्तिका काढली. ज्वारी, तूर, गूळ, शेवग्याची पानं यांची आकड्यांनी ओळख झाली. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला गेली, १९६९ साली तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं आणि १९७१ साली डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे तक्ते नव्याने प्रसिद्ध केले. वर मी जे ३४८ आणि ३९८ मोठ्या तोऱ्यात सांगितले, ते तिथलेच.

योगायोग असा, की पुस्तिका निघाली त्याच १९३७ साली बाजारात डालडा आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. मध्यमवर्गीय नानकटाईचा इतिहास डालड्याआधीचा आणि डालड्यानंतरचा असाच लिहावा लागेल. तूप परवडेना, डालडा परवडायचा. शिवाय नानकटाई खुसखुशीत व्हायची आणि रिकामा डबा तुळस लावायला उपयोगी पडायचा. आता तक्त्यात पाहा. शंभर ग्रॅम तूप ९००, शंभर ग्रॅम डालडा ९००. कॅलरीच्या दरबारात दोघे सख्खे भाऊ. पण वनस्पती तूप घट्ट करताना जी ट्रान्स चरबी तयार होते, ती हृदयाला घातक, हे पुढे कळलं आणि १ जानेवारी २०२२पासून सरकारने तेला-तुपातलं तिचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणून बांधलं. म्हणजे कॅलरीने ज्यांना एका रांगेत बसवलं होतं, त्यांतला एक घरभेद्या निघाला. आकडा किती ते सांगतो. कुणाचा ते सांगत नाही.

१९७१ साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं. त्या वर्षी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोणाला म्हणायचं? तर दिवसाला माणशी २,२५० कॅलरी मिळतील एवढाही खर्च ज्याला झेपत नाही त्याला. साडेबावीस नानकटायांवर देशाची रेघ ओढली गेली. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने ती खेड्यांत २,४०० आणि शहरांत २,१०० अशी केली.

तेवढ्यात रोमहून जागतिक अन्न आणि शेती संघटनेची नोकरी आटोपून पां. वा. सुखात्मे पुण्यात परतले होते. दांडेकरही संख्याशास्त्रात मुरलेले, सुखात्मेही. दोघेही सातारा जिल्ह्यातले. तेव्हा वाद व्हायलाच हवा होता. सुखात्मे म्हणाले, माणूस म्हणजे घड्याळ नव्हे. एकाच माणसाची भूक आज वेगळी, उद्या वेगळी. शरीर थोड्यात भागवून घेतं. सरासरीच्या खाली गेला तो लगेच उपाशी ठरत नाही. आणि नुसतं धान्य वाढवून काय होणार, पिण्याचं पाणी गढूळ असलं तर पोटात गेलेलं टिकत नाही. दांडेकर म्हणाले, गरिबाने आणखी थोड्यात भागवावं असं सांगणं ठीक नाही. दारिद्र्य मोजायचं तर रेघ हवीच. १९८०च्या आसपास हा वाद चांगला रंगला. पुण्यातल्या वादांचा लौकिक पाहता तो कशावरून होता हे ऐकून बाहेरच्यांना नवल वाटेल: माणसाला किती खायला लागतं! पण मला हा पुण्यातला सर्वांत थोर वाद वाटतो. पाण्याच्या बाबतीत सुखात्म्यांचं खरं होतं. रेघेच्या बाबतीत मी आजीच्या, म्हणजे दांडेकरांच्या पक्षाचा. तोंडं मोजायला बसल्यावर हे तोंड जरा कमीत भागवेल असं म्हणायचं नसतं.

या दोघांच्या मध्ये १९७२चा दुष्काळ येऊन गेला. दुष्काळी कामांवर तेव्हा सुकडी वाटत. भाजलेल्या पिठाचा गोडसर खाऊ. सरकारने गोड भाजून वाटलं, असा प्रसंग इतिहासात विरळा. ज्यांनी ती खाल्ली ती माणसं आज आजोबा-आजी आहेत, आणि सुकडीचं नाव काढलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्याही बेकरीच्या केकने येत नाही. १८७७चा पौंडही मोजूनच दिला होता आणि १९७२ची सुकडीही मोजूनच दिली. पहिली मोजणी कापण्यासाठी होती, दुसरी पुरवण्यासाठी. काटा तोच असतो. कुठल्या बाजूने उभं राहून वाचायचा, एवढाच प्रश्न.

मोजणी संपली असं मात्र कुणी समजू नये. चांदूर बाजारातून उत्तरेला पाहिलं की गाविलगडाचे डोंगर दिसतात. त्यांच्यापलीकडे मेळघाट. जिल्हा आमचाच. तिथल्या बालमृत्यूंनी १९९३च्या सुमारास सगळा महाराष्ट्र हादरला. तिथली अंगणवाडी ताई आजही पोरांना काट्याला लावते आणि काटा थोडा वर सरकला की हसते. आमच्या घरातला काटा थोडा खाली सरकला की सूनबाई हसतात. दोन्ही हसणी खरी आहेत. मधुमेह हा आता आमच्या आळीत न सांगता आलेला भाडेकरू झाला आहे. त्याला बाहेर काढायचं तर मोजावं लागतंच. तेव्हा सूनबाईंच्या काट्याला मी हसतो ते फक्त त्या घरात नसताना.

तरीही घरच्या पदार्थाला या काट्यात पुरतं बसवता येत नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. पुड्यातलं बिस्किट यंत्रातून पडतं, एकासारखं दुसरं. घरची नानकटाई हातातून पडते. आत्याच्या हातची थोराड, सूनबाईंची काटकुळी. कडेची जास्त भाजलेली, मधली मऊ. शिवाय डब्याच्या तळाशी उरलेला चुरा दुपारी दूध घालून कोण खातं, याचा हिशेब कोणीच देत नाही.

आणि नानकटाईचं एक वेळ जमेल, पण रोडग्याचं काय करणार? आमचा खरा भट्टीचा पदार्थ तोच. चांदूर बाजार तालुक्यातच, सातपुड्याच्या पायथ्याशी, बहिरमची यात्रा भरते. डिसेंबर-जानेवारीची कडाक्याची थंडी, मातीच्या हंड्या, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरलेले कणकेचे टम्म गोळे. राख झटकायची, दोन्ही हातांनी रोडगा फोडायचा आणि त्याच्या पोटात तूप ओतायचं. किती? लागते तेवढं. शंभर ग्रॅम कणीक आणि तीस ग्रॅम तूप धरलं, तर ६११ कॅलरी होतात, म्हणजे सहा नानकटाया एका फटक्यात. पण तीस ग्रॅम तूप रोडग्यात ओततो तो वऱ्हाडी नव्हे. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण सासरच्या मंडळींचा बंदोबस्त करण्यासाठी भवानीला रोडगा बोलते. एवढ्या मोठ्या कामगिरीबद्दल देवीने रोडगा पसंत केला, यातच त्याची योग्यता आली. केवढ्याचा, असं तिनेही विचारलेलं नाही.

यंदाच्या दिवाळीत सूनबाईंचा आणि माझा तह झाला आहे. काटा राहील, तक्ताही राहील. माझ्या वाट्याला दिवसाला एक, अखंड. अर्धी परत ठेवायची नाही. बाकीच्या एकोणपन्नासांची यादी मी करायची. यादी करायला बसलो, तर तोंडं निघाली बासष्ट. सूनबाईंना सांगितलं. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, एकही नाव कापलं नाही, आणि काट्यावर आणखी अर्धा किलो मैदा ठेवला.